‘ख्रिस्ती ब्राह्मण’ बाबाजींचें चरित्र : नगर मंडळीच्या एका साधनाची परीक्षा

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथील प्रॉटेस्टंट मंडळीच्या आरंभाविषयीं लिहिणारास पाद्री हॉलिस रीड यांच्या इंग्रजी ग्रंथावांचून गत्यंतर नाहीं. बाबाजी नांवाच्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचें चरित्र व लेखन देणारे त्याचे दोन भाग १८३६ सालीं न्यूयॉर्क येथें छापले गेले. ग्रंथकर्ता प्रत्यक्षदर्शी आहे. अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें नगरास १८३१ सालीं पडलें, तेव्हां ग्रेव्हज, हर्व्ही व रीड हे तिघे पाद्री तेथें गेले. बाबाजी त्यांच्या समवेत होते. पुढें १८३२ त हर्व्ही आणि १८३३ त बाबाजी पटकीनें वारले. मंडळीची स्थापनाहि १८३३ तीलच. इतक्या जवळून पाहिलेल्या गोष्टींचा हा वृत्तांत मोलाचा आहे यांत शंका नाहीं. तथापि प्रत्यक्षदर्शित्व आणि प्रामाण्य एक नव्हेत, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

या ग्रंथांतील पहिलें वैगुण्य भाषेचें. बाबाजींचें म्हणून जें लेखन त्यांत येतें तें इंग्रजींत येतें. जन्मभर मराठींत विचार केलेल्या माणसानें पाप, मोक्ष, प्रायश्चित्त, गुरु यांपैकीं कोणता शब्द कोठें योजिला, जुन्या शब्दास नवा अर्थ कोठें दिला, हें इंग्रजी पानावरून उमगत नाहीं. धर्मांतराच्या इतिहासांत तर हीच मुख्य गोष्ट. म्हणून हे उतारे दुय्यम साधन समजावे. त्यांचें पुन्हा मराठी करून तें बाबाजींच्या तोंडीं घालूं नये.

दुसरें वैगुण्य प्रमाणाचें, आणि तें अधिक घातक आहे. ग्रंथाच्या नांवांतच ‘ब्राह्मण’ आहे. मिशनचा खर्च अमेरिकेंतील वर्गणीदारांच्या देणग्यांतून चाले. त्या वाचकांस एका ब्राह्मणाचें धर्मांतर किल्ला सर झाल्यासारखें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु नगरच्या पहिल्या ख्रिस्त्यांत गरीबखान्यांतील निराधार माणसें होतीं, आणि पुढें खेड्यांपाड्यांतून मंडळी वाढली ती मुख्यतः महार समाजांतून. ब्राह्मण ख्रिस्ती संख्येनें थोडे. पण लिहिलें त्यांनीं, आणि लिहिलें गेलें त्यांच्याविषयीं. १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळालेले हरी रामचंद्र व रामकृष्ण विनायक मोडक हे दोघेहि ब्राह्मणच. त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, पुढाऱ्यांचें चरित्र म्हणजे मंडळीचा इतिहास नव्हे.

ही उणीव आंकड्यांनीं भरून निघेल असें कित्येकांस वाटतें. १८१३ ते १८८१ पर्यंतच्या मिशनकार्याचे स्मारकलेख १८८२ सालीं मुंबईस निघाले. त्यांचा उपयोग बहुधा असाच केला जातो. पण वाढत्या आंकड्यांवरून हेतूचें अनुमान करणें धोक्याचें आहे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर मंडळ्या वाढल्या, हें एकानें उपदेशाचें फळ म्हणावें आणि दुसऱ्यानें धान्याचें. दोघेहि एकाच बेरजेवर आपापलें मत लादतात. बेरीज किती हें सांगते, कां हें सांगत नाहीं. तें जाणण्यास नांवनिशीवार नोंदी पाहिजेत : कोण, कोणत्या गांवचा, कोणाचा भाऊ, कोणाचा व्याही. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्यांतील नांवें गांववार लावून पाहिलीं, तर नवा धर्म सोयरिकीच्या वाटेनें गेला कीं शाळेच्या, हें कळण्याची आशा आहे.

घरांतील उलथापालथ मात्र वह्यांतहि सांपडणार नाहीं. तिजसाठीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पहावीं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ त, लक्ष्मीबाईंचा १९०० त. मधल्या वर्षांत अन्नपाणी व विटाळ यांचा झगडा एका संसारांत कसा झाला, हें त्यांनीं स्वतःच्या मराठींत सांगितलें. रीडच्या दोन भागांत जें नाहीं तें हेंच.

मिशनच्या अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. येथील मराठी वह्यांस वाळवी व रद्दीवाला यांचें भय आहे. १८४२ सालीं नगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंकहि जपले पाहिजेत. त्याबरोबर गांवदप्तरांकडेहि लक्ष जावें. महार ख्रिस्ती झाला कीं त्याच्या वतनाचें व बलुत्याचें काय, हा प्रश्न उभा राही. धर्मांतरानें वारसा बुडूं नये असा कायदा १८५० सालीं झाला, तरी गांवगाड्याची रीत कायद्यानें लगेच बदलत नसते. नगराहून कल्याणास जाणारा मार्ग ओतूर, मढ यांवरून माळशेज घाट उतरतो. या वाटेवरील गांवांत ज्यांच्याकडे कुळकर्णी दप्तरें असतील, त्यांनीं मोडी बाडें चाळतांना बलुत्याच्या तंट्याचा कागद क्षुद्र म्हणून बाजूस टाकूं नये.

रीडचा ग्रंथ टाकाऊ नाहीं. तो एका माणसाविषयीं दुसऱ्यानें दिलेली साक्ष आहे, आणि तेवढ्यापुरताच तो ग्राह्य आहे. मंडळीचा इतिहास त्या ग्रंथांत ज्यांचीं नांवें आलीं नाहींत त्यांच्यापासून लिहावा लागेल. त्यांचीं नांवें असलेले कागद शिल्लक आहेत तोंवरच तें शक्य आहे.