एका रस्त्याचे रसग्रहण

पुस्तकावर, नाटकावर, फार तर एखाद्या गवयाच्या मैफलीवर टीकालेख लिहावा, हे वाचकांच्या अंगवळणी पडले आहे. रस्त्यावर टीका म्हटली की डोळ्यांपुढे खड्डेच उभे राहतात. मी ज्या रस्त्याविषयी लिहीत आहे त्यावर खड्डा औषधालासुद्धा सापडला नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती करण्यापूर्वी मला भरपूर कौतुक करावे लागणार आहे.

२०२२ सालच्या दिवाळीत आम्ही उभयता लेकीकडे, अमेरिकेतील व्हर्जिनियात होतो. सौ.ने फराळाचा डबा मोटारीत ठेवला आणि आम्ही चौघे ब्लू रिज पर्वताच्या माथ्यावरून दक्षिणेकडे निघालो. आधी शेनांदोआ राष्ट्रीय उद्यानातला १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह. तो रॉकफिश गॅप नावाच्या खिंडीत संपतो, तेथूनच ४६९ मैलांचा ब्लू रिज पार्कवे सुरू होतो. त्याचे दुसरे टोक ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानाच्या दाराशी, चेरोकी लोकांच्या भूमीत आहे. आम्ही तेथवर गेलो नाही. जावयांची रजा तेवढी नव्हती.

आपल्याकडचा घाट म्हणजे कोठेतरी पोचण्याचा मार्ग. देखावा दिसतो तो वाटेत आहे म्हणून. हा पार्कवे मात्र कोठेच पोचवण्यासाठी बांधलेला नाही. १९३५ साली, मंदीच्या दिवसांत, बेकार हातांना काम मिळावे म्हणून तो सुरू झाला, आणि त्याची आखणी स्टॅन्ली ॲबट ह्या जेमतेम पंचविशीतल्या निसर्गरचनाकाराकडे सोपवली गेली. मालमोटारींना येथे मज्जाव आहे. जाहिरातीची एक पाटी नाही. ताशी ४५ मैलांच्या वर जाता येत नाही. हे झाले नियमांचे. खरी कला वळणांत आहे. दाट झाडी तुम्हांला दोन-तीन मैल कोंडून धरते, मग एक बोगदा येतो, आणि बोगद्यातून बाहेर पडताच डाव्या हाताला एकामागे एक निळ्या डोंगरांच्या रांगा उलगडतात. मोटार उभी करण्याची जागा नेमकी तेथेच ठेवलेली असते! चांगला कथाकार जसा वाचकाला हवे ते थोडे उशिरा देतो, तसे हे आहे. मधूनच एखादे शेत, वाकडेतिकडे लाकडी कुंपण, रवंथ करणाऱ्या चार गाई. हे सारे योगायोगाने राहिले असे वाटते. पण कोठे शेत राखायचे आणि कोठे रान वाढू द्यायचे, हेही ठरवलेले आहे. त्यात ऑक्टोबर महिना. आपला पळस फुलांनी पेटतो, येथले मेपल पानांनी पेटतात. सौ. तर चिवड्याचा डबा उघडायचेच विसरली.

म्हणूनच मी ह्या रस्त्याला कलाकृती म्हणतो. आणि कलाकृती म्हटले की तिच्याकडे सत्याची मागणी करण्याचा हक्कही येतो.

१७६ व्या मैलाशी मेब्री मिल ही जुनी पाणचक्की आहे. समोर तळे, तळ्यात चक्कीचे प्रतिबिंब, काठावर छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग. एड मेब्री ह्या कारागिराने ती विसाव्या शतकाच्या आरंभी उभी केली. दळण, लाकूड कापणे, लोहारकाम, सारे एका ठिकाणी. बाजूला ओंडक्यांची बुटकी झोपडी आहे. पाहणाऱ्याची सहज समजूत होते की मेब्री नवराबायको तेथेच राहत असावीत. ती तेथे राहत नव्हती. त्यांचे घर चांगले फळ्यांचे, दुमजली होते. पार्कवेच्या कारभाऱ्यांनी १९४० नंतरच्या दशकात ते पाडले, आणि पुढच्या दशकात दुसऱ्या ठिकाणाहून ओंडक्यांची झोपडी आणून येथे बसवली. कारण उघड आहे. डोंगरातला माणूस ओंडक्यांच्या झोपडीत शोभतो. दुमजली घरात तो तुमच्याआमच्यासारखाच दिसू लागतो, आणि मग त्याला पाहायला इतक्या दूर कोण येणार?

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कादंबरीतसुद्धा पुरावे मागाल."

तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. चित्रकार नको असलेला विजेचा खांब गाळतो, त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. पण खांब गाळणे वेगळे आणि जिवंत माणसाचे घर पाडून त्याला दुसऱ्याचे घर नेसवणे वेगळे. पहिली निवड आहे. दुसऱ्या गोष्टीला मी तरी निवड म्हणणार नाही.

चौदा मैल पुढे पकेट केबिन लागते. तेथला मजकूर सौ.ने मला मोठ्याने वाचायला लावला. ऑर्लीन पकेट ही ह्या डोंगरातली सुईण. तिने हजाराहून अधिक बाळंतपणे केली. तिची स्वतःची चोवीस मुले, त्यांतले एकही जगले नाही. सौ. बराच वेळ त्या पायऱ्यांशी उभी राहिली. ह्याच रस्त्याच्या बांधकामापायी १९३९ साली त्या म्हातारीला आपले घर सोडावे लागले, आणि त्याच वर्षी ती वारली. उत्तरेकडे शेनांदोआ उद्यानासाठी तर पाचशेच्या आसपास कुटुंबे डोंगरावरून खाली उतरवली गेली. त्या रानात त्यांच्या चुली आणि थडगी अजून सापडतात. तेथल्या नव्या प्रदर्शनात आता ही हकीकत मांडलेली आहे, हे नमूद केलेच पाहिजे. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला जोडलेली ती तळटीप आहे. तळटीप वाचणारे थोडेच असतात.

मी इतका का चिडलो, हे जावयांना कळेना. माझ्या आईचे माहेर सह्याद्रीतल्या एका धरणाखाली गेले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. आता त्या पाण्यावर मोटारबोटी फिरतात. काही वर्षांपूर्वी मीही तिकीट काढून तीत बसलो होतो. पाणी शांत, काठावर रान, आकाश खाली उतरलेले. मला ते आवडले. आजोळ नेमके कोठे होते ते नावाड्याला सांगता आले नाही, मलाही आले नाही. आवडले ह्याचीच टोचणी अजून आहे.

मुक्कामाला आम्ही मागे वळून फ्लॉइड ह्या गावी आलो. पार्कवे गावांना टाळतो. गाव हवे तर रस्ता सोडून खाली उतरावे लागते. तो शुक्रवार होता, आणि तेथल्या फ्लॉइड कंट्री स्टोअर ह्या दुकानात दर शुक्रवारी रात्री गाणेबजावणे असते. प्रथम तासभर भजने, मग बँजो आणि फिडल. सत्तरीतल्या बाया लोखंडी टाचांचे बूट घालून लाकडी जमिनीवर असा ताल धरत होत्या की सौ.ने मांडीवर ठेका धरला. शेजारी एक शेतकरी बसला होता. पार्कवेच्या चित्रात शोभेल असे त्याच्या अंगावर काही नव्हते. खताच्या कंपनीची टोपी होती, हातात फोन होता. वरच्या रस्त्यावर गेल्या कित्येक वर्षांत गेलो नाही, असे तो हसत म्हणाला. आम्ही त्याला चकली दिली. त्याने दुसरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी लिन कोव्हचा उन्नत मार्ग पाहिला आणि माझा राग पुष्कळ उतरला. पार्कवेचा हा शेवटचा दुवा. त्यामुळेच रस्ता पुरा व्हायला १९८७ साल उजाडले. ग्रँडफादर पर्वताच्या कुशीला धक्का लागू नये म्हणून १,२४३ फूट लांबीचा हा मार्ग १५३ तुकड्यांत, वरच्या वर पुढे सरकवीत जोडला. खडकाशी मिळावा म्हणून काँक्रीटला रंगाची छटा दिली आहे खरी, पण तो काँक्रीट असल्याचे लपवीत नाही. झोपडीचे सोंग घेत नाही. ४६९ मैलांतला हा अवघा काही मिनिटांचा तुकडा मला साऱ्या रस्त्यापेक्षा सरस वाटला.

२०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाने त्या बाजूच्या रस्त्यावर दरडी आणि झाडे कोसळली, तेव्हा लेकीने फोनवर पहिल्यांदा फ्लॉइडचीच चौकशी झाल्याचे सांगितले. तेथे फार नुकसान नव्हते.

जावयांनी मेब्री मिलचे छायाचित्र मोठे करून पाठवले, ते आमच्या दिवाणखान्यात लावले आहे. फार सुंदर आहे. येणारा-जाणारा विचारतोच. मी चक्कीविषयी सांगतो, मग त्या दुमजली घराविषयी सांगू लागतो, आणि सौ. चहा टाकायला आत जाते.