चिनी-अमेरिकन कथासाहित्यातील माता-कन्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांतील स्थलांतरित माता आणि तेथेच वाढलेल्या त्यांच्या कन्या यांच्या परस्परसंबंधांवर आधारलेले इंग्रजी कथासाहित्य. आत्मकथन व कादंबरी यांच्या सीमेवरील काही ग्रंथांचाही त्यात अंतर्भाव होतो. मातेजवळ भूतकाळ आहे, पण नव्या देशाची भाषा नाही. कन्येजवळ ती भाषा आहे, पण मातेचा भूतकाळ तिला अज्ञात आहे, हा या साहित्यातील मूळ पेच होय. पौर्वात्य आणि पाश्चात्त्य संस्कृतींचा संघर्ष असा त्याचा अर्थ बहुधा लावला जातो. तथापि या घरांतील मौनाचा उगम केवळ संस्कृतीत नसून अमेरिकेच्या कायद्यांतही आहे, आणि त्याची जाण एखाद्या कलाकृतीत कितपत आहे यावर तिचे मोल बरेचसे अवलंबून असते.

पार्श्वभूमी : १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचा अमेरिका-प्रवेश जवळजवळ अशक्य केला. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना मज्जाव झाला. त्यामुळे असंख्य कुटुंबे दोन खंडांत विभागली गेली. १९०६ च्या भूकंपात व आगीत सॅन फ्रॅन्सिस्को येथील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यानंतर अनेकांनी आपला जन्म अमेरिकेत झाल्याचा दावा केला आणि त्यांचे पुत्र म्हणवून खोट्या नावांनी इतर तरुण त्या देशात आले. त्यांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. बहिष्कार कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. परंतु चिनी लोकांसाठी वर्षाला केवळ १०५ जागा ठेवण्यात आल्या. १९६५ च्या कायद्याने ही वांशिक मर्यादा दूर झाली. खरे नाव उघड झाल्यास हद्दपारीची भीती असल्याने घरातील मुलांपासूनही पूर्वेतिहास लपवून ठेवणे अनेक कुटुंबांना भाग पडले.

प्रारंभीचे लेखन : इंग्रज पिता व चिनी माता यांची कन्या ईडिथ मॉड ईटन (१८६५–१९१४) हिने ‘सुई सिन फार’ या नावाने कथा लिहिल्या. ‘इन द लँड ऑफ द फ्री’ (१९०९) या तिच्या कथेत कागदपत्रांच्या अभावी एका चिनी मातेचे मूल बंदरावरच ताब्यात घेतले जाते. दहा महिन्यांनी ते परत मिळते, तेव्हा ते आईलाच ओळखत नाही. कायदा घरात शिरून वात्सल्य कसे मोडतो, याचे हे आरंभीचे आणि अद्यापि प्रत्ययकारी चित्रण होय. जेड स्नो वाँग हिचे फिफ्थ चायनीज डॉटर (१९५०) हे आत्मचरित्र तृतीयपुरुषी निवेदनात आहे. त्यातील शिक्षणासाठीची जिद्द लक्षणीय असली, तरी लेखिकेचा सूर सावध व सौम्य आहे.

किंग्स्टन : या प्रवाहाला प्रौढ वाङ्मयीन रूप मॅक्सीन हाँग किंग्स्टन (जन्म १९४०) हिच्या द वूमन वॉरियर (१९७६) या ग्रंथाने दिले. अविवाहसंबंधातून मूल झालेल्या व विहिरीत जीव देणाऱ्या एका आत्याची हकीकत माता कन्येला सांगते आणि ती कोठेही न बोलण्याची ताकीद देते. ग्रंथाचा आरंभच ही ताकीद मोडून होतो. चीनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतलेली ही माता अमेरिकेत धुलाईच्या दुकानात राबते. शाळेत मुकी राहणारी कन्या मातेला सांगावयाच्या दोनशेंहून अधिक गोष्टींची यादी मनात वाढवीत नेते. अखेरची कथा मातेने आरंभिलेली व कन्येने पूर्ण केलेली आहे.

किंग्स्टनने मू-लान या वीरांगनेच्या आख्यायिकेत यूए फेई या सेनापतीच्या कथेतील प्रसंग मिसळला, असा आक्षेप घेण्यात आला. फ्रँक चिन या लेखकाने तर अशा लेखनावर चिनी परंपरेचा विपर्यास केल्याचा आरोप केला. आख्यायिकांच्या मूळ रूपापुरता हा आक्षेप खरा आहे. परंतु ग्रंथाचा विषय ती आख्यायिका नसून, परक्या देशात मातेच्या तोंडून तुटकपणे ऐकलेली आणि कन्येने आपल्या गरजेप्रमाणे जुळविलेली कथा हा आहे, याचे भान त्यात राहत नाही.

टॅन आणि नंतरचे लेखन : एमी टॅन (जन्म १९५२) हिच्या द जॉय लक क्लब (१९८९) या कादंबरीत चार माता व चार कन्या यांच्या सोळा कथा चार भागांत गुंफल्या आहेत. मृत मातेची माजाँगच्या पटावरील जागा तिच्या कन्येला घ्यावी लागते. चीनमधील बहिणींना आईविषयी काय सांगावे हे या कन्येला सुचत नाही, तेव्हा उरलेल्या तिघी माता भयभीत होतात, कारण आपल्या मुलींनाही आपण अशाच अपरिचित आहोत हे त्यांना उमगते. हा प्रसंग कादंबरीतील सर्वांत उत्कट प्रसंगांपैकी एक होय. मात्र टॅनच्या चित्रणात दुःख बव्हंशी चीनमध्ये आणि त्याचा परिहार अमेरिकेत, अशी वाटणी झालेली दिसते. शांघायमधील अखेरची भेट हृद्य आहे. पण आधीच्या अबोल्याचे ओझे ती फार सहजपणे उतरविते.

फे मायेन इंग हिची बोन (१९९३) ही कादंबरी या सुलभतेपासून अलिप्त आहे. माता शिवणकामावर राबते आणि सावत्र पिता लिऑन हा ‘कागदी पुत्र’ आहे. मधल्या मुलीच्या आत्महत्येचे कारण कोणालाच नेमके सांगता येत नाही. कथानक कालक्रमाने मागे मागे जाते. लिऑनची जुन्या कागदपत्रांनी भरलेली पेटी थोरली मुलगी उघडते, तेव्हा कुटुंबाचा इतिहास आणि सरकारी दप्तर यांतील अंतर स्पष्ट होते. येथे मौनाला स्वभावदोष न मानता त्याची किंमत मोजून दाखविली आहे.

मूल्यमापन : हे सर्व लेखन कन्येच्या भाषेत झालेले आहे, ज्या मातेविषयी ते आहे, तिला बहुधा ते वाचता येणार नाही. मातेला वाचा देताना तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कन्येला कोठून मिळाला, हा प्रश्न या साहित्यातून टाळता येत नाही. ज्या लेखिका तो उघडपणे स्वीकारतात त्यांच्या कृतींत मातेचे व्यक्तित्व स्वतंत्र व काहीसे अगम्य राहते. ज्या तो विसरतात त्यांच्या कृतींत माता ही कन्येच्या आत्मशोधाचे केवळ साधन ठरते.