गाइडची मुंबई, आपली दिंडोशी

प्रवासी गाइडांची मुंबई कुलाब्यात सुरू होते आणि जुहूपर्यंत येता येता दमते. दिंडोशीला २०२२पासून मेट्रोचं स्टेशन आहे, पण 'कुठे खावं'च्या पानावर दिंडोशी नाही.

लिओपोल्ड कॅफे घ्या. १८७१चा. 'शांताराम' कादंबरीत तो आहे, २००८च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथे अजून आहेत. लोक त्या बघायला जातात आणि बिअर मागवतात. जावं की! पण ही शिफारस इतिहासाची झाली, जेवणाची नाही. ब्रिटानियाचं वेगळं. १९२३च्या त्या इराणी हॉटेलातल्या बेरी पुलावासाठी गाइड नसतं तरी रांग लागलीच असती.

दादरच्या आस्वादची मिसळ २०१५मध्ये लंडनला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली. मिसळ चांगलीच आहे. पण 'जगात'? कोल्हापूरकर हसेल.

फिल्मसिटीतून सुटलेले स्पॉटबॉय, मॉलमधली सेल्सची पोरं, रात्रपाळीचे रिक्षावाले दिंडोशीत उभ्याउभ्या खातात. गाइडला आधी खुर्ची लागते, इंग्रजी मेन्यू लागतो. चवीचा नंबर नंतर. इथलं सगळं भारी असतं असं नाही, पाणचट रस्सा इथेही मिळतो. पण तो पाणचट आहे हे लिहायलाही दिंडोशीला उतरावं लागेल.