तहानेपूर्वीची विहीर

डॉ. राजेंद्र भारूड यांचें ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हें आत्मकथन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. सामोडे येथील भिल्ल कुटुंबांतील पितृहीन मुलगा मातेच्या कष्टांवर शिकून प्रथम डॉक्टर व पुढें सनदी अधिकारी होतो, ही त्याची कथा. पुस्तकाचा जीव मायलेकरांच्या नात्यांत आहे. माणसांना बरोबर घेऊन काम कसें करावें, हा त्याचा विषय नव्हे.

तो प्रश्न पुढें नंदुरबारांत उभा राहिला. जिल्हाधिकारी असतांना २०२० मध्यें, करोनाच्या पहिल्या लाटेंतच, त्यांनीं प्राणवायूनिर्मितीचें यंत्र बसवून घेतलें. २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत मोठमोठीं शहरें प्राणवायूसाठीं तळमळत असतां या आदिवासी जिल्ह्याला त्याची उणीव भासली नाहीं.

तहानेपूर्वीं विहीर खणणारा अधिकारी विरळा, हें खरें. पण विहीर एकटा कोणी खणीत नाहीं. यंत्र चालविणारे कामगार, रात्री जागविणाऱ्या परिचारिका, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आशासेविका, यांना वरिष्ठ आपणांस वाऱ्यावर सोडणार नाहींत असा भरंवसा लागतो. अधिकारी बदलून जातो. मागें उरते ती कचेरीची रीत. ती कशी घडते, हें डॉ. भारूड यांनीं आतां लिहावें. मात्र त्या पुस्तकांत नायक एकच नसावा.