प्रवासवर्णन आणि वास्तव्यवर्णन

मराठी भाषेंत प्रवासवर्णनांची उणीव नाहीं. गोडसेभटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला. पुढें अनंत काणेकर यांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे', गंगाधर गाडगीळ यांचें 'साता समुद्रापलीकडे', पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' अशीं लोकप्रिय पुस्तकें होत गेलीं, आणि आजही दर वर्षीं या दालनांत भर पडत आहे. परंतु परमुलुखांत बिऱ्हाड थाटून, तेथील चार हिवाळे काढून, मग लेखणी हातीं धरलेल्या मराठी माणसाचें पुस्तक कोणीं मागितलें, तर नांवें फार थोडीं निघतात. हजारों मराठी कुटुंबें परदेशीं स्थायिक झालीं असतांना आपलें वाङ्मय मात्र अद्याप पाहुण्याच्याच दृष्टीनें परदेश पाहत आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्रवासवर्णन आणि वास्तव्यवर्णन यांतील भेद केवळ मुक्कामाच्या लांबीचा नव्हे. प्रवाशाला देश आपली दिवाणखान्याची बाजू दाखवितो. रहिवाशाला माजघर व मोरीही दिसते. प्रवाशाची फजिती दुसऱ्या दिवशीं विनोद होऊन जाते; रहिवाशाला त्याच फजितीशीं रोज गांठ घालावी लागते. 'अपूर्वाई'तील विनोद पाहुण्याच्या भांबावलेपणांतून येतो, आणि तेथें तो सर्वस्वी योग्यच आहे. तिच्या अनुकरणानें मागून आलेल्या पुष्कळ लेखकांनीं मात्र तो भांबावलेपणाच तेवढा उचलला, त्यामागची माणसांची ओढ उचलली नाहीं. त्यामुळें जेवणाची पंचाईत, थंडीचा कडाका व रस्त्यांची स्वच्छता या तीन विषयांपलीकडे त्यांची लेखणी सहसा जात नाहीं.

वास्तव्यवर्णनाचा वस्तुपाठ आपल्याकडे फार पूर्वींच घालून दिला गेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या व सुमारें पावणेतीन वर्षें तेथें राहिल्या. १८८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचें नांवच पाहावें: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिति आधीं आणि प्रवासवृत्त मागून! राज्यव्यवस्था, गृहस्थिति, शिक्षण, स्त्रियांची दशा, व्यापार अशी विषयवार मांडणी करून त्यांनीं एका समाजाची घडण मराठी वाचकांपुढें उलगडून ठेविली. अमेरिकेविषयीं त्यांना मोठा आदर होता. परंतु तेथील मूळच्या रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्याय त्यांनीं झांकला नाहीं. आदर आणि न्यायबुद्धि यांचा हा मेळ आठ दिवसांच्या सहलींत साधत नाहीं. धर्मानंद कोसंबी यांचें 'निवेदन' (१९२४) याच पंक्तींत बसतें. गोव्याच्या सांखवाळ गांवीं जन्मलेला हा मनुष्य १९१० सालीं 'विशुद्धिमार्गा'च्या संपादनासाठीं हार्वर्ड विद्यापीठांत गेला. तेथें तो प्रेक्षक म्हणून नव्हे, तर कामकरी म्हणून राहिला, आणि त्याच्या गद्याचा साधेपणाही कामकऱ्याचाच आहे.

हा प्रश्न आज नव्यानें उपस्थित होण्याचें कारण असें कीं, स्थलांतराची वाट आतां लंडन-न्यूयॉर्कपुरती राहिली नाहीं. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं आपलीं मुलें स्वीडनसारख्या देशांतील लहान शहरांतूनही राहूं लागलीं आहेत. उदाहरणार्थ, योनशोपिंग हें शहर घ्या. सुमारें एक लाख वस्तीचें हें गांव वेटर्न नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या दक्षिण टोंकास वसलें आहे. सरोवराचा विस्तार सुमारें १,९०० चौरस किलोमीटर. स्वीडनमध्यें दुसऱ्या क्रमांकाचा. या गांवाचें नांव आपल्याकडे नवखें वाटलें, तरी त्याची करणी आपल्या स्वयंपाकघरांत फार दिवसांची आहे. निर्धोक काडेपेटीचा शोध स्वीडनमधील पाश या रसायनशास्त्रज्ञाचा (१८४४). तिला व्यापारी रूप दिलें तें योनशोपिंगच्या लुंडस्ट्रोम बंधूंनीं. पुढें १९२३ मध्यें स्वीडिश भांडवलावर 'विमको' कंपनी निघाली व अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. म्हणजे त्यांच्या काड्या आपल्या चुलीपर्यंत पोंचून शंभर वर्षें लोटलीं; आपलीं माणसें तेथें कशीं राहतात, ही हकीकत मात्र मराठींत आली नाहीं.

ही हकीकत कोणती? तेथें डिसेंबरांत दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. दुपारीं साडेतीनच्या आधींच सूर्य मावळतो. प्रवाशाला हें नवल वाटतें, कारण तो बहुधा जूनमध्यें जातो. ज्या घरांत एकजण कामावर जातो व दुसरें माणूस दिवसभर खिडकीपाशीं बसतें, त्या घरांत या अंधाराचें काय होतें? तेथें इंग्रजीवर सर्व व्यवहार भागतो. मग सरकार नवागतांस फुकट स्वीडिश शिकवीत असतांही किती मराठी माणसें ती भाषा शिकतात, आणि जीं शिकत नाहींत तीं दहा वर्षांनंतरही पाहुणींच राहतात काय? तेथें आणखी एक नियम आहे. घरीं बोलली जाणारी भाषा शाळेंत शिकविण्याची मागणी निदान पांच मुलांसाठीं झाली व शिक्षक मिळाला, तर ती सोय नगरपालिकेनें करावयाची असते. परक्या राज्यानें मराठीसाठीं दार असें किलकिलें ठेविलें असतां, त्यांतून शिरावयास आपलीं पांच मुलें उभीं राहतात कीं नाहीं, हा एका उत्तम निबंधाचा विषय आहे.

आमचें म्हणणें इतकेंच नाहीं कीं लेखकानें तेथें फार दिवस राहावें. वास्तव्यवर्णनास दोन डोळे लागतात: एक तेथील भाषेचा, दुसरा आपल्या गांवाचा. स्वीडनमध्यें कोणाही माणसास रानांतून हिंडण्याचा, तेथील बोरांसारखीं रानफळें व अळंबीं वेंचण्याचा हक्क आहे. मग तें रान खाजगी मालकीचें कां असेना. घराच्या अंगणांत शिरूं नये, पिकाची नासाडी करूं नये, अशा कांहीं मर्यादा मात्र आहेत. १९९४ मध्यें हा हक्क राज्यघटनेंतही नमूद झाला. मुंबईचा प्रवासी या गोष्टीचें कौतुक करून पुढें जाईल. आमच्या आरमोरीकडील लेखक तेथें थबकेल. त्याला मोहफुलें व तेंदूपानें आठवतील. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवाला आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क २००९ सालीं, आणि तोही वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर, मिळाला हें आठवेल. वेटर्नच्या कांठीं उभा राहून तो विचारील, या पाण्याची निगा कोण राखतो? कारण कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांची पाळ गांव राखीत असे तोंवर काय होतें, आणि मालगुजारी जाऊन ते सरकारजमा झाल्यावर गाळ कसा सांचत गेला, हें त्यानें घरीं ऐकलेलें असतें. असा प्रश्न दुसऱ्या कोणास सुचणार नाहीं, आणि म्हणूनच त्याचें पुस्तक दुसऱ्या कोणाच्या पुस्तकासारखें होणार नाहीं.

परकेपण ओलांडण्यासाठीं समुद्रच ओलांडावा लागतो, असेंही नाहीं. आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, हेमलकशाला, डॉ. प्रकाश आमटे राहावयास गेले. माडिया भाषा शिकल्यावांचून तेथें त्यांच्या वैद्यकीचा उपयोग झाला नसता. त्यांच्या 'प्रकाशवाटा'चें खरें मोल, आमच्या मतें, सेवेच्या कथेइतकेंच या शिकण्याच्या कथेंत आहे. परदेशस्थ मराठी लेखकानें तें पुस्तक वास्तव्यवर्णन म्हणून पुनः वाचावें.

कोणी म्हणेल, आतां रोज दूरध्वनीवर एकमेकांचीं तोंडें दिसतात. पुस्तकांची गरज काय? गरज आहे ती याचसाठीं. पडद्यावर बर्फ दिसतें, सरोवर दिसतें, नवें घर दिसतें. पण आईबापांना काळजी नको म्हणून मुलें अंधाराविषयीं बोलत नाहींत, आणि मुलांना वाईट वाटूं नये म्हणून आईबाप विचारीत नाहींत. दोन्हीकडून प्रेमानेंच पाळलेलें हें मौन फोडण्याचें काम वाङ्मयाचें आहे. पुढच्या वर्षीं ज्या घरांतून मुलगी वा मुलगा निघावयाचा आहे, त्या घराला सरोवराच्या सौंदर्यापेक्षां या माहितीची अधिक निकड आहे. रमाबाईंनीं ती आपल्या काळीं पुरविली. आज तेथें राहणाऱ्यांपैकीं कोणीतरी, चार हिवाळे काढल्यावर, ती पुरवावी.