मुलगा नसलेलं स्मारक

आमच्या बैठकीच्या भिंतीवर आजीच्या धाकट्या भावाचा फोटो आहे. गणवेशातला, विशीतला. १९७१च्या युद्धात तो गेला. दर डिसेंबरला फोटोला नवा हार चढतो, नातेवाईक येतात, ‘त्याने देशासाठी प्राण दिले’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. आजी त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. शेवटच्या आजारपणात एकदाच मला म्हणाली, “वडील नको म्हणत होते. मीच त्यांची समजूत घातली.”

या वाक्याला जागा असलेलं स्मारक मला फार उशिरा दिसलं, तेही फोटोंतून. जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केथे कॉल्विट्झचं ‘शोकाकुल आईवडील’.

ऑगस्ट १९१४. केथेचा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा. स्वतःहून सैन्यात जायचं तर वडिलांची परवानगी हवी. वडील कार्ल, बर्लिनमधल्या कामगारवस्तीतले डॉक्टर, ‘नाही’ म्हणाले. पीटरने आईकडे पाहिलं आणि आईने नवऱ्याला राजी केलं. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच वर्षी तिने स्मारकाचा विचार सुरू केला. पहिल्या कल्पनेत पीटर आडवा पडलेला होता, उशाशी वडील, पायाशी आई. काही वर्षं झगडून १९१९मध्ये तिने ते काम सोडलं. पुढे पुन्हा हाती घेतलं आणि १९३२मध्ये शिल्पं बेल्जियममधल्या दफनभूमीत उभी राहिली. तोवर त्यातून मुलगा नाहीसा झाला होता. उरले दोघे, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले. वडील ताठ, स्वतःलाच हातांनी आवळून धरलेले. आई पुढे झुकलेली. चेहरे केथे आणि कार्लचेच. पण ते एकमेकांना स्पर्श करत नाहीत, एकमेकांकडे पाहतही नाहीत.

मला या शिल्पाचं मोठेपण इथे दिसतं. युद्धस्मारकं बहुधा मेलेल्याला उंच करतात आणि आपल्याला सलाम करायला कुणीतरी देतात. इथे तसं कुणीच नाही. ‘त्याने प्राण दिले’ या वाक्यात कर्ता तो असतो, त्यामुळे बाकीचे सगळे सुटतात. कॉल्विट्झ कर्ता बदलते: आम्ही त्याला जाऊ दिलं. आता गुडघे टेकणं ही नुसती प्रार्थना राहत नाही, ती माफीही होते. माफी देणारा मात्र समोर नाही.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. बेल्जियम तटस्थ देश होता आणि जर्मनीने त्याच्यावर आक्रमण केलं होतं. या शिल्पात बेल्जियन आईबाप कुठेच नाहीत. आज ते फ्लाडस्लोच्या दफनभूमीत आहे, समोर २५ हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले. केथेचा अपराधभाव आपल्या मुलापाशी, फार तर आपल्या पिढीच्या मुलांपाशी थांबतो.

तरीही सरकारला हे शिल्प सहजासहजी वापरता येणार नाही. १९९३मध्ये बर्लिनच्या नॉये वाखे या राष्ट्रीय स्मारकात तिचंच दुसरं छोटं शिल्प मोठं करून बसवलं गेलं: आई आणि तिच्या मांडीशी मेलेला मुलगा. मारणारे आणि मारले गेलेले एकाच शोकात बसवले, अशी टीका तेव्हा झाली. मुलाला कुशीत घेतलेली आई दिसली की सरकारलाही आई होता येतं. फ्लाडस्लोतल्या शिल्पात शिरायचं तर आधी गुडघे टेकावे लागतील आणि ‘परवानगी मी दिली’ हे कबूल करावं लागेल.

आजीचं वाक्य मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. फोटोसमोर ते कसं म्हणायचं, हेच कळत नव्हतं. या डिसेंबरला हार घालून झाल्यावर आईला सांगणार आहे.