नाव काय हो त्यांचं?

वर्तमानपत्रातलं सिनेमाचं परीक्षण मी शेवटाकडून वाचतो. पहिल्या चार परिच्छेदांत नायक-नायिका, दिग्दर्शक आणि परीक्षकाची विद्वत्ता एवढंच असतं. खरी गंमत शेवटून दुसऱ्या ओळीत. तिथे हमखास एक वाक्य सापडतं : 'इतर भूमिकांत अमुक, तमुक आणि फलाणे यांनी आपापली कामे चोख बजावली आहेत.' पोस्टमनने टपाल चोख बजावावं, बेलिफाने समन्स चोख बजावावं, त्या चालीवर! मला गेली चाळीस वर्षं या 'इतर भूमिकां'बद्दल कुतूहल आहे. बँकेत आयुष्यभर 'इतर कर्मचारी' या सदरात नोकरी झाल्यामुळे असेल कदाचित.

या इतर मंडळींना प्रेक्षकांच्या दरबारी नाव नसतं. त्यांना बघून आपण फक्त 'अरे, हा तो!' असं ओरडतो. 'तो' म्हणजे कोण ते कुणी सांगत नाही, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळतं. आमच्या मुलुंडच्या घरात याची व्यवस्था सौभाग्यवतींकडे आहे आणि ती नात्यागोत्यावर चालते. 'ऊर्मिलेचे वडील', 'सलमानचे काका', 'तो जज्जसाहेब, नेहमी ऑर्डर-ऑर्डर करणारा'. मध्यंतरी तिने असा सिद्धांत मांडला की 'रंगीला'तले ऊर्मिलेचे वडील, 'थ्री इडियट्स'मधले मास्तर आणि 'माझा होशील ना' मालिकेतले अप्पा हे तिघे सख्खे भाऊ असावेत. चेहरेपट्टी जुळते म्हणाली. "अगं, एकच माणूस तो!" असं मी म्हटल्यावर तिने मला अशा नजरेने पाहिलं, की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. "एकच कसा? तो मास्तर केवढा खडूस, आणि अप्पा किती प्रेमळ!"

आता तुम्हीच सांगा, नटाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं? एखाद्या सुपरस्टारबद्दल, 'हे तीन वेगळे इसम असावेत' असा संशय कुणाला आला आहे? तो राजा होवो की रिक्षावाला, आपल्याला तोच दिसतो. आणि तोच दिसावा म्हणून तर आपण तिकीट काढतो.

तर हे तीन भाऊ म्हणजे अच्युत पोतदार. जन्म २२ ऑगस्ट १९३४, जबलपूरचा, वाढले इंदूरला. म्हणजे मध्य प्रदेशी मराठी. यांच्या मराठीला एक गोडवा असतो आणि हिंदीला आपल्यासारखा दादरचा वास येत नाही. आधी रीव्याला प्राध्यापक होते. मग सैन्यात गेले, कॅप्टन झाले आणि १९६७ साली बाहेर पडले. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ पंचवीस वर्षं अधिकारी होते आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९९२ साली, रीतसर निवृत्त झाले. आता यात सिनेमा कुठे बसतो? तर १९८० साली. म्हणजे माणूस पंचेचाळिशीच्या आसपास. ज्या वयात आमच्यासारखे लोक चष्म्याचा नंबर, भविष्यनिर्वाह निधीतली शिल्लक आणि मुलीचं दहावीचं वर्ष यापलीकडे काही मोजत नाहीत, त्या वयात हे गृहस्थ गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पुढे 'विजेता', 'अर्धसत्य', 'तेजाब', 'परिंदा'. सव्वाशेच्या वर चित्रपट झाले म्हणतात. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया', 'भारत एक खोज' वगैरे वेगळी.

मला या सगळ्यात सर्वांत थरारक वाटते ती किरकोळ रजेची बाजू. १९८० ते १९९२ ही बारा वर्षं या माणसाने नोकरीही केली आणि सिनेमाही! मी एकदा मावसभावाच्या लग्नाला दोन दिवस रजा मागितली, तर आमच्या साहेबांनी 'मावसभाऊ म्हणजे नक्की कसे?' असं विचारून वंशावळ काढायला लावली होती. 'साहेब, उद्या मला गुंडाच्या टोळीचा पाठलाग करायचा आहे, अर्धा दिवस द्या' असा अर्ज मी केला असता, तर परवा माझा टेबल जिन्याखाली गेला असता. हिंदी सिनेमाचं वेळापत्रकही असं, की नऊच्या शिफ्टला हीरो दोन वाजता येतो. तोपर्यंत 'इतर भूमिका' तयार होऊन खुर्चीवर बसून राहतात. सहायक भूमिका करणाऱ्याला निम्मा अभिनय या खुर्चीवरच करावा लागतो, आणि तो कुठे दिसत नाही.

पण नोकरी केली ती वाया गेली नाही, असं माझं मत आहे, आणि या लेखात तेवढं एकच मत मला मांडायचं आहे. पोतदारांनी पडद्यावर कोण कोण उभे केले? प्राध्यापक, पोलीस अधिकारी, वडील, सरकारी माणूस. ही कामं त्यांनी नाट्यशिक्षणाच्या संस्थेत शिकून घेतली नव्हती. यातली बरीचशी आधी पगार घेऊन केली होती. इंग्लंडात सॅम किड नावाचा असाच एक नट होऊन गेला. दोनशे नव्वदच्या वर चित्रपट, आणि बहुतेकांत तो शिपाई, हमाल, खलाशी, दारूच्या गुत्त्यावरचा गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धात तो खरोखरीच जर्मनांचा युद्धकैदी होता. सुटून आल्यावर १९४६ साली 'द कॅप्टिव्ह हार्ट' या चित्रपटात त्याने काय काम करावं? युद्धकैद्याचं! पाच वर्षांची तालीम कुठल्या नटाला मिळते?

पोतदारांच्या कामाची परीक्षा घ्यायची तर 'थ्री इडियट्स' (२००९) मधला वर्ग घ्यावा. प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तर यंत्राची व्याख्या विचारतात. आमीर खान घरगुती भाषेत, पंख्यापासून पँटच्या चेनपर्यंतची उदाहरणं देऊन उत्तर देतो. मास्तर संतापतात. मग तो चतुर नावाचा पोपट पुस्तकातलं अख्खं पान ओकतो आणि मास्तर कृतार्थ होतात. आमीर वर्गाबाहेर. दारातून परत येतो, काय विसरलं विचारल्यावर 'पुस्तक' या शब्दाची गजभर लांब व्याख्या ऐकवतो, आणि मास्तर विचारतात, 'अरे, कहना क्या चाहते हो?'

हे वाक्य आता राष्ट्रीय मालमत्ता आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदार ताळेबंद वाचत असताना मागच्या रांगेतून ते येतं. मोबाइलवर दिवसाला चार वेळा येतं. पण सगळे ते चुकीचं म्हणतात! सगळे चिडवून म्हणतात, किंवा विनोद केल्यासारखं म्हणतात. पोतदार तसं म्हणत नाहीत. पुन्हा नीट बघा. त्या माणसाला खरंच कळलेलं नाही. एक पोरगा इंग्रजीचा नळ सोडून उभा आहे, शब्द ओळखीचे आहेत, वाक्य संपत नाही, आणि वर्गासमोर 'मला समजलं नाही' म्हणायची मास्तरांना सवय नाही. आवाजात राग थोडा आहे, काकुळती जास्त आहे. 'अरे' हा शब्द बघा! त्या 'अरे'त क्षणभर हुद्दा गळून पडतो. विनोद त्या काकुळतीवर उभा आहे. एखाद्या विनोदी नटाने तिथे डोळे फिरवले असते, मान हलवली असती, आणि वाक्य दुसऱ्या दिवशी मेलं असतं. पोतदारांना आपण विनोदी प्रसंगात आहोत याची खबरच नाही.

इथे माझं सिनेमाशी एक भांडण आहे, ते सांगून टाकतो. हा प्रसंग मास्तरांवर अन्याय करतो. लेखकाने त्यांना मूर्ख ठरवूनच वर्गात पाठवलं आहे. सोपी भाषा हवी असेल तर आर्ट्स-कॉमर्सला जा, असंही त्यांच्या तोंडी घातलंय. मी स्वतः बी. कॉम. असल्यामुळे चित्रपटगृहात हे वाक्य मला कुठे लागलं ते विचारू नका. पण मास्तरांची बाजू काय, हे कुणी बघितलं? परीक्षेत व्याख्या विचारणार, पेपर तपासणारा उत्तरपत्रिका शब्दाला शब्द लावून बघणार, आणि पोरगा पँटच्या चेनचं उदाहरण लिहून नापास झाला की आईबाप कुणाच्या दारात येणार? आयुष्य शिकवण्यात घालवलेला हा माणूस दुष्ट नाही, तो अभ्यासक्रमाने बांधलेला आहे. ही बाजू पटकथेत एका ओळीचीही नाही. ती दिसते ती फक्त पोतदारांच्या चेहऱ्यावर. चतुरचं उत्तर ऐकताना तो चेहरा बघा : तो लबाड आनंद नव्हे, 'चला, निदान एक तरी पास होईल' हा शिक्षकाचा सुस्कारा आहे. सिनेमा ज्या माणसाची टिंगल करतोय, त्या माणसाची अब्रू नटाने राखली आहे. एवढं मोठं काम दोन-तीन मिनिटांत झालं, आणि परीक्षणात? चोख बजावलं.

'रंगीला' (१९९५) आम्ही मुलुंडच्या मेहुल टॉकीजमध्ये पाहिला. बाकी प्रेक्षक ऊर्मिला मातोंडकरकडे बघत होते. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू? पण सिनेमाला जमिनीवर ठेवतं ते मिलीचं घर. रीमा लागू आई आणि पोतदार वडील. हिंदी सिनेमातले मुलीचे वडील एक तर छातीला हात लावून कोसळतात, नाही तर बंदूक काढतात. इथले वडील नुसते घरात असतात. नवरा-बायकोचं बोलणं ऐकून वाटतं, यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आहेत आणि त्यांतली वीस गॅस सिलिंडरवर बोलण्यात गेली आहेत. ते घर खरं वाटतं, म्हणून मुलीचं नटी होण्याचं स्वप्न खरं वाटतं. पाया कुणी बघायला जात नाही हे खरं. पण मजला चढताना तो असलेला बरा.

सगळंच काम असं झालं, असं म्हणणार नाही. उगाच चरणस्पर्श करायला मी बसलेलो नाही. कितीतरी चित्रपटांत पोतदार दोन गाण्यांच्या मधे येतात, चार वाक्यं बोलतात आणि जातात. आणि त्या चार वाक्यांत नटसम्राटालाही काही करता आलं नसतं. हिंदी सिनेमाला एकदा चेहरा सापडला की तो त्याचा शिक्का करतो. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर रंगवला आणि गिनीज बुकात गेले. बढती मात्र नाही! आपले विजू खोटे घ्या. दुर्गाबाई खोट्यांचे पुतणे, शुभा खोट्यांचे धाकटे भाऊ, शेकडो चित्रपट, मराठीत 'अशी ही बनवाबनवी'मधला बळी. आणि ३० सप्टेंबर २०१९ ला ते गेले तेव्हा सगळीकडे 'शोले'तला कालिया गेला. १९७५ साली गब्बरने एकदा गोळी घातली ती घातली, पुढची चव्वेचाळीस वर्षं बिचारे त्याच दगडांवर पडून.

ही माणसं पोटासाठी काम करतात, हे आपण विसरतो. २०२० साली टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा राज्य सरकारने नियम काढला की पासष्टच्या वरच्या कुणीही सेटवर यायचं नाही. काळजीपोटीच काढला असेल. पण नायकाचं वय सिनेमात नेहमीच पंचवीस. पासष्टच्या वर असतात ते आजोबा, जज्ज, डॉक्टर आणि पुजारी. म्हणजे टाळं नेमकं 'इतर भूमिकां'नाच लागलं. दुकान उघडायला आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या वाण्याला परवानगी होती, नटाला नव्हती! चार दशकं छोटी कामं करणारा एक सत्तर वर्षांचा नट याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ती बंदी रद्द ठरवली. ज्याला पडद्यावर कोर्टात उभं राहायला मिळालं तर एखादं वाक्य मिळतं, त्याने खऱ्या कोर्टात अख्खी केस जिंकली. त्याच्यावर मात्र कुणी सिनेमा काढला नाही.

त्याच वर्षी सुरू झालेल्या 'माझा होशील ना'मध्ये पोतदार अप्पा झाले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. दैनंदिन मालिका म्हणजे कारखानाच, रोज भाग हवा. घरभर मामा आणि त्यांच्या मधोमध हे आजोबा. आमच्या सौभाग्यवतींचा त्या अप्पांवर एवढा जीव, की माझा चहा मालिका संपल्यावर मिळे. अप्पा मालिकेत मोठं असं काही करत नसत. पण घरात म्हातारा माणूस नुसता बसलेला असला तरी बाकीचे जरा नीट वागतात, आवाज खाली ठेवतात, तसं त्या मालिकेतल्या इतर नटांचं व्हायचं. ते दृश्यात असले की आरडाओरड कमी!

१८ ऑगस्ट २०२५ ला ठाण्याच्या रुग्णालयात अच्युत पोतदार गेले. एक्क्याण्णवावा वाढदिवस चार दिवसांवर होता. दुसऱ्या दिवशी ठाण्यातच अंत्यसंस्कार झाले. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, आणि बहुतेक मथळ्यांत नावाआधी 'थ्री इडियट्समधले प्रोफेसर' आले. मी मथळा मोठ्याने वाचून दाखवला. सौभाग्यवती हातातलं काम टाकून बाहेर आल्या. "मास्तर गेले?" म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि अप्पा?"